कॉम्प्युटरवर लागलेलं नाव

शिरूर
२१ जानेवारी २००७

ती. सोजराबाई आत्यांना,

पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार लिहितात हे मला माहीत आहे. पण ज्या आत्याला जन्मात पाहिलं नाही तिला एकदम साष्टांग घालायचा धीर होईना, म्हणून सध्या साधाच नमस्कार. मी पृथ्वीराज. केंदूरच्या हौसरावांचा, म्हणजे तुमच्या धाकट्या भावाचा मुलगा. वय अठ्ठावीस. रांजणगावला एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे आणि शिरूरला खोली घेऊन राहतो.

केंदूर आणि कासुर्डीत एकतीस वर्षं येणंजाणं नाही. मग हे पोर आज कुठून उगवलं, असं तुम्हाला वाटणारच. सांगतो. माझ्या खोलीत संघर्ष नावाचा मित्र राहतो. त्याने मला इंटरनेटवरची एक साइट दाखवली. तिच्यावर घरातल्या माणसांची नावं चौकोनात भरायची, रेघा ओढायच्या, की आपल्या घराण्याचं झाड तयार होतं. संघर्षच्या झाडावर एकशे चाळीस चौकोन आहेत. मी सायबर कॅफेत दोन तास बसलो आणि माझे झाले नऊ. त्यातही पणजीच्या चौकोनात नुसतंच ‘पणजी’ लिहिलंय. संघर्ष अजून हसतोय.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना विचारलं, तर म्हणाले, “मेलेल्यांची नावं घालून काय पिकणार हाय का?” तुमचं नाव काढलं तर ते अर्ध्या ताटावरून उठून गोठ्यात गेले. मग मी गावच्या शाळेत गेलो. हेडमास्तरांनी जुनं रजिस्टर काढून दिलं. त्यात तुम्ही सापडलात. ‘सोजरा भिमा, इयत्ता पहिली, १९४७.’ त्या पानावर सव्वीस मुलं आहेत आणि सगळी एक जूनला जन्मलेली. आप्पा एक जूनचे, आई एक जूनची, दोन्ही मामा एक जूनचे. साइट मला लाल अक्षरात विचारते, तुमची काही चूक तर होत नाही ना?

तेव्हा कृपा करून एवढं कळवा: पणजीचं नाव काय, तिचं माहेर कुठलं, तुम्ही भावंडं एकूण किती आणि तुमची खरी जन्मतारीख कोणती. खाली मोबाइल नंबर देतो. मिस कॉल दिलात तरी मी उलटा फोन करीन.

तुमचा भाचा,
पृथ्वीराज

कासुर्डी
२ फेब्रुवारी २००७

पृथ्वीराज यास,

आशीर्वाद द्यायचे की नाहीत ते पुढच्या पत्रात ठरवीन.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चौथी पास आहे मी, कुणाकडून वाचून घ्यावं लागत नाही. अक्षर चांगलं आहे तुझं. तुझ्या बापाचंही चांगलं होतं. त्याच अक्षरात त्याने मला संपवली.

केंदुराकडच्या जमिनी कारखान्यांसाठी घेणार, अशी बातमी पेपरात आली. आणि पंधरा दिवसांत माझ्या भाच्याला पणजीची आठवण येते! पणजी कोण, भावंडं किती, जन्म कधीचा, हे कोण विचारतं ते मला ठाऊक आहे. तलाठी विचारतो, वारस लावताना. तू झाड म्हण नाहीतर वेल म्हण, आमच्याकडे त्याला वंशावळ म्हणतात आणि तिच्यामागोमाग बहिणींच्या सह्या मागायला येतात. तर सही मिळणार नाही. विषय संपला.

पण तुला काही माहीत नसेल तर ऐक. पंच्याहत्तर साली आबा, म्हणजे तुझे आजोबा वारले. तेराव्याला मी आपणहून म्हणाले, “हौशा, कागद तयार कर, मी सही देते. मला वाटा नको.” आमच्यात सगळ्याच बहिणी देतात. भाऊ बोलावतो, बहीण सही करते, साडीचोळी घेऊन हसत घरी जाते. मी वाट पाहत बसले. कुणी बोलावलं नाही. वर्षभराने आमच्या ह्यांना शिरूरला काम निघालं, तेव्हा त्यांनी फेरफाराचं बुक पाहिलं. आबांना एकच मुलगा, दुसरा वारस नाही, असं त्यात लिहिलेलं. सही मागायचे कष्ट नकोत म्हणून तुझ्या बापाने मला जन्मालाच घातली नाही.

जमिनीचं मला काही नाही रे. इथं देवाच्या दयेने कालव्याचं पाणी आहे, ऊस आहे. पण मी आबांची थोरली. बाजाराला निघाले की ते मला गाडीत पुढे बसवायचे. ती पोरगी झालीच नव्हती, असं सरकारात लिहून ठेवलंय. त्या दिवसापासून मी माहेर बंद केलं.

फोन करू नकोस. फोनवर बोललेलं उद्या कुणी कबूल करत नाही. जे असेल ते लिहून पाठव.

सोजराबाई

शिरूर
११ फेब्रुवारी २००७

ती. आत्यांना नमस्कार.

आशीर्वाद नाहीत तर नाहीत, पत्र चुलीत घातलं नाहीत हेच पुष्कळ झालं.

आधी लिहून देतो. मला तुमची सही नको, अंगठा नको, जमिनीतलं काहीही नको. जमिनी घेण्याची बातमी खरी आहे, पण ती गावाच्या दुसऱ्या अंगाची, आपल्या शिवारात कुणी फिरकलेलं नाही. खाली माझी सही आहे. शेजारी साक्षीदार म्हणून संघर्षची सही घेतली आहे. तो म्हणाला, अशी आत्या मला असती तर मी वकीलच झालो असतो.

आता दुसरं. तुमचं पत्र वाचून मी रजा टाकली आणि तहसीलमध्ये जाऊन त्या फेरफाराची नक्कल काढली. ‘मयतास एक मुलगा हौसराव. दुसरा वारस नाही.’ खाली आप्पांची सही, टपोऱ्या अक्षरात. आत्या, मला लाज वाटली. शाळेच्या रजिस्टरात तुम्ही आप्पांच्या आधी आहात, आणि इथे नाहीतच. आप्पांना मी अजून काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मला त्यांची भीती वाटते.

पण माझ्या हातात होतं तेवढं केलं. तडक कॅफेत गेलो आणि आजोबा-आजीच्या खाली, आप्पांच्या आधी, तुमचा चौकोन घातला. कॅफेवाल्याने नावं मराठीत टाइप करून दिली. प्रिंट सोबत पाठवतो आहे. आता हे कॉम्प्युटरवर लागलं. जगात कुठेही बसून उघडलं तरी तुम्ही दिसणार.

तुमचा,
पृथ्वीराज

कासुर्डी
२३ फेब्रुवारी २००७

चि. पृथ्वीराज यास अनेक आशीर्वाद, मागच्या पत्रातले धरून.

पाकीट उघडलं आणि कागद दारातल्या उजेडात धरला. वर आबा, शेजारी माझी आई साखरबाई. त्यांच्या खाली मी, मग हौशा. मी आधी! आणि चौकोन त्याच्याएवढाच. बाजूला इंग्रजीत सरकारी मजकूरही छापलाय. आमचे हे चष्मा लावून म्हणाले, “आता सातबारासुद्धा कॉम्प्युटरवरच निघतो. कॉम्प्युटरवर लागलं म्हंजी लागलं. आता कुणाच्या बापाला खोडता येत न्हाई.”

हे काम तुझ्या एकट्याचं नव्हे, मला कळतं. हौशाने अर्ज दिल्याशिवाय सरकार कशाला नाव लावील? तोंडाने कबूल करणार नाही तो. लहानपणीही माझी भाकरी खायचा आणि आळ मांजरावर घालायचा. एकतीस वर्षं मी त्याला बोल लावले, ते सगळे परत घेतले बघ.

यवतहून दोन किलो पेढे आणून गावात वाटले. ज्यांनी मला कधी हिणवलं नव्हतं त्यांनाही दिले. आखितीला मी केंदूरला येते. हौशाला सांगू नकोस. नको, सांग. घर झाडून तरी ठेवील.

आता तुझे प्रश्न. तुझी पणजी तुळजाबाई, वडगाव रासाईची. तिचा चौकोन नुसताच ‘पणजी’ ठेवलास ते बरं दिसत नाही. भीमेच्या काठची बाई, पुरातसुद्धा पोहायची, आणि केंदुरात दिली तर तिथं विहिरीत उतरू देईनात म्हणून जन्मभर चिडलेली असायची. भावंडं आम्ही तीन. माझ्या आणि हौशाच्या मध्ये एक होती, नकुशी. दीड वर्षाची होऊन गेली. कुठल्याच कागदात नसेल ती. सरकार आता घेतंच आहे तर तिलाही घ्यायला सांग. जन्मतारखेचं म्हणशील, तर मी बाजरीचं खळं चालू असताना झाले, एवढंच आई सांगायची. तारीख हवी तर बाजरीला विचार. पण एक जून लिहू नकोस. जूनमध्ये खळं कुणाचं असतं?

आणि आत्याला तुम्ही म्हणतात का रे? तू म्हण.

तुझी आत्या

शिरूर
४ मार्च २००७

ती. आत्या,

तुझं पत्र मिळालं. फार आनंद झाला. पणजीच्या चौकोनात तुळजाबाई लिहिलं आणि नकुशी आत्याचा चौकोन घातला. आता अकरा झाले. कंपनीत ऑडिट चालू आहे, त्यामुळे लांबलचक लिहीत नाही. इकडे ऊन वाढलंय. आप्पा ठीक आहेत.

पेढ्यांची एवढी काय घाई होती?

कॉम्प्युटरचं सविस्तर नंतर लिहितो.

पृथ्वीराज

शिरूर
१० मार्च २००७

ती. आत्या,

मागचं पत्र टाकलं आणि सहा दिवस मला जेवण गोड लागलं नाही. संघर्ष म्हणाला, “लिहिणार हायेस का मी लिहू?” म्हणून लिहितो.

ते सरकारचं नाही. साइट कुणा परदेशातल्या कंपनीची आहे. चौकोन मीच काढला, नाव मीच घातलं. उद्या मी तिथे कुणा राजाचं नाव आपला पणजोबा म्हणून घातलं तरी ती घेईल. बाजूचा इंग्रजी मजकूर म्हणजे साइटचा पत्ता. आप्पांनी अर्ज दिलेला नाही. त्यांना यातलं काहीच माहीत नाही. फेरफार होता तसाच आहे.

तू सरकारी समजशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पण समजलीस हे कळल्यावर मी गप्प बसलो, ती माझी चूक. तू इतकी खूश होतीस की सांगवेना. काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन.

पृथ्वीराज

कासुर्डी
१७ मार्च २००७

चि. पृथ्वीराज यास आशीर्वाद.

तुझ्या पत्राआधी आठवडाभर मला कळलं होतं. घड्या पडून कागद फाटेल म्हणून दौंडला गेले प्लास्टिकमध्ये घालून घ्यायला. शेजारीच सातबारा देतात ते ऑफिस. म्हटलं, शिक्काही मारून घ्यावा. तिथल्या पोरीने उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, “आजी, हे सरकारी न्हाई. हे घरचं हाय.”

स्टँडवर येऊन उसाचा रस घेतला आणि रडले. रसवाला म्हणाला, बर्फ जास्त झाला का?

तुझ्यावर राग नाही. रागावून बघितलं, जमलं नाही. तू मला न पाहता माझा चौकोन काढलास, नकुशीचा काढलास. एवढं माझ्या सख्ख्या भावाला सुचलं नाही. पण आखितीला मी येत नाही. पेढे खाल्लेली माणसं रोज विचारतात, कधी निघायचं माहेरला? मी सांगते, गुडघा दुखतोय. दोन किलो पेढे वाटले रे मी. आता परत कसे मागू?

माहेराला यावंसं फार वाटतं. पण ज्याने नाही म्हणून लिहिलं, त्याने आहे म्हणून लिहिल्याशिवाय मी ती वाट धरणार नाही. माझी सगळी पत्रं तुझ्या बापाला वाचून दाखव. भीती वाटली तर गोठ्यात जाऊन वाच, तिथून तो उठून जाणार कुठं?

तुझी आत्या

केंदूर
३० मार्च २००७

सौ. आक्कास हौसरावचा नमस्कार.

पत्र लिहायची सवय गेली आहे. चुकलं तर सांभाळून घे.

पोराने तुझी पत्रं गोठ्यात येऊन वाचून दाखवली. मग म्हणाला, “आप्पा, आता तुम्हीच वाचा,” आणि तिथंच बसून राहिला. मीही वाचली.

आक्का, मला वाटत होतं तुला जमीन हवी होती. फेरफाराचं तुला कळलं, वाटा बुडाला म्हणून तू येत नाहीस, असंच मी धरून चाललो. मनात म्हणायचो, दोन एकरांसाठी बहिणीने भावाला तोडलं. तेराव्याला तू काय बोललीस ते मला आठवत होतं, पण मी ते आठवायचंच टाळलं, म्हणजे बरं पडत होतं.

त्या वर्षी झालं असं. पेरणी तोंडावर, पीककर्जासाठी सोसायटीत नाव लागायची घाई. चावडीवर बसलेला एक जण म्हणाला, “बहीण लावली की तिला शिरूरला आणावी लागंल, दोन खेपा व्हतील. न्हाईच म्हणून लिही. बहीण काय कुठं जाती व्हय?” मला पटलं. आक्का काय कुठं जाते, म्हणून मी लिहून दिलं. आणि तूच गेलीस. दर दिवाळीला वाटायचं, यावं, कासुर्डीला जाऊन पाय धरावेत. एकदा यवतपर्यंत आलो होतो. स्टँडवर चहा घेतला आणि परत फिरलो.

काल तलाठ्याकडे गेलो. जबाब लिहून दिला की पंच्याहत्तर सालचा माझा जबाब खोटा होता, मला थोरली बहीण आहे, तिचं नाव लावावं. तो नवा पोरगा आहे. म्हणाला, “काका, असं आपणहून कुणी येत नसतं. घरी विचारलंय का?” मी म्हटलं, घरचीच लावायची हाय. प्रकरण वरच्या ऑफिसात जाईल, महिने लागतील म्हणतो. लागू देत.

नाव लागेपर्यंत ये म्हणायला मला तोंड नाही. लागलं की कळवतो.

हौसराव

शिरूर
२७ ऑगस्ट २००७

ती. आत्या,

या वेळी पत्राआधी कागद बघ. सोबत सातबारा आहे, नव्या नोंदीचा. सही आहे, शिक्का आहे. मीच काढला, पण मी केलेला नाही. वाटलं तर दौंडला नेऊन दाखव.

पाच महिन्यांत आप्पांनी शिरूरच्या नऊ खेपा केल्या. बहिणीच्या दोन खेपा वाचवायला गेलेला माणूस, असं मी एकदा म्हणालो. हसले. मी त्यांना हसताना फार कमी वेळा पाहिलंय. एका साहेबाने विचारलं, बहिणीने केस केली आहे का? आप्पा म्हणाले, “न्हाई साहेब, केसच केली असती तर बरं झालं असतं. ती नुसती गप बसली.” तुझं शाळेतलं नाव असलेल्या पानाची नक्कल पुरावा म्हणून जोडली होती. कागदावर तुझं नाव आप्पांच्या खाली आलंय, त्याला माझा इलाज नाही. साइटवर तूच आधी.

साइटचं म्हणशील, तर तुळजाबाईंच्या माहेरचा एक जण मला तिथेच भेटला. नाशिकला असतो. त्याच्या पणजोबांची बहीण केंदूरला दिली होती एवढंच त्याला माहीत होतं, आणि बहिणीच्या जागी त्यानेही रिकामा चौकोन ठेवला होता. आमची झाडं जोडली. एकसष्ट झाले. त्याच्याकडेही सगळे एक जूनचेच आहेत.

पृथ्वीराज

कासुर्डी
३ सप्टेंबर २००७

चि. हौशास अनेक आशीर्वाद.

कागद मिळाला. विश्वास होता तरी दौंडला जाऊन त्याच पोरीला दाखवून आले. म्हणाली, “आजी, आता हाय सरकारी.” तिला घरचे दोन लाडू दिले. गावात मात्र या खेपेला काही वाटलं नाही. लोक म्हणतील, म्हातारीला सहा महिन्यांनी एकदा माहेर मिळतं.

यवतपर्यंत येऊन परत फिरलास ते वाचून तुझा फार राग आला. चार मैल राहिले होते रे. मी दारातच असते नेहमी.

आता मी येते. गौरीला येते, दोन दिवस राहते. आणि हक्कसोडाचा कागद तयार ठेव. आता माझं नाव आहे, तर आता मला ते सोडताही येतं. पंच्याहत्तर साली सही देते म्हणाले होते, शब्द पुरा करते. पृथ्वीराजचं लग्न व्हायचंय, उद्या त्याच्या मागे आत्याचं लचांड नको. आमच्या ह्यांनाही पटलंय. आडवं बोलू नकोस.

आक्का

केंदूर
९ सप्टेंबर २००७

सौ. आक्कास नमस्कार.

आडवंच बोलतो. कागद तयार केलेला नाही आणि करणार नाही.

मी नाव लावलं ते तू सही द्यायला यावीस म्हणून नव्हे. बायको म्हणाली, तलाठ्यानेही सांगितलं की काका, आता लगेच हक्कसोड करून टाका, सगळे तसंच करतात. सगळ्यांना एकच सांगितलं. एकदा माझ्या हाताने मी माझी बहीण नाही म्हणून लिहिली. आता ती आपणहून जाते म्हणाली तरी तिला कागदावरून उतरवायला माझा हात उठणार नाही. उद्या सातबारा काढला आणि परत माझं एकट्याचंच नाव दिसलं, तर मी या नऊ खेपा कशाला केल्या?

माझ्यामागे तू आणि पृथ्वीराज काय करायचं ते करा. मी आहे तोवर आबांच्या रानावर आपण दोघंही आहोत. बाजरी यंदा चांगली आहे. पोतं भरून ठेवलंय, ते तुझं, आणि ते नको म्हणालीस तर मी खरंच कासुर्डीपर्यंत येईन आणि तुझ्या दारात टाकून जाईन.

गौरीच्या आदल्या दिवशी पृथ्वीराज गाडी घेऊन येतो. भांडायचं असेल तर इथं येऊन भांड. दोन दिवस पुरणार नाहीत, जास्तीची लुगडी घेऊन ये.

तुझा,
हौशा